फुगा फुटल्यावर पोरगं कसं वळतं? मुलांना बंदुकीची शिस्त कधी शिकवायची

रामटेकला त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेत फुगे फोडायचा ठेला लागतो. फळीवर ओळीनं फुगे, समोर टेबल, टेबलावर दोन-तीन एअरगन, नळी मधे मोडून छर्रा भरायच्या. पुढच्या खेपेला गेलात तर फुग्यांकडे बघू नका, पोरांकडे बघा. फुगा फुटला की बहुतेक पोरं "आई, फुटला!" म्हणत गर्रकन मागे वळतात आणि त्यांच्यासोबत नळीही वळते. शेजारच्या बाईच्या कडेवरच्या बाळावरून, बापाच्या पोटावरून. ठेलेवाला सवयीनं नळी हातानं वर ढकलतो आणि पुढचा छर्रा भरतो. एखादंच पोरगं बंदूक आधी टेबलावर ठेवतं, मग वळून ओरडतं. मला विचाराल तर त्या जत्रेत शिकवण्याजोगं तेवढं एकच. त्याचा फुगा फुटला की नाही, हे मी पाहतसुद्धा नाही.

मी नागपुरातल्या एका शाळेत वीसेक वर्षं शिकवलं, एनसीसीचं काम पाहिलं आणि आता सकाळच्या वेळी दहा मीटरच्या एका लहानशा रेंजवर पोरांना एअर रायफल शिकवतो. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक आणलं आणि माझ्याकडे येणारे पालक वाढले. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, कितव्या वर्षी टाकायचं याला?" मी उलट विचारतो: खेळात रंगलेला असताना तुम्ही "थांब" म्हटलं, तर तो थांबतो का? बहुतेक आया हसतात. बाप फोन बघायला लागतात.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

बंदुकीपासून दूर राहायला शिकणं एक आणि बंदूक हाताळायला शिकणं दुसरं. पहिलं शिक्षण प्रत्येक मुलाला हवं, घरात शस्त्र असो-नसो, आणि ते चौथ्या-पाचव्या वर्षीच सुरू होतं. दुसरं सगळ्यांना लागत नाही. ज्याला लागतं त्यालाही तयारी दिसल्यावरच. लोक या दोन्हींची गल्लत करतात. मग एक तर "आमच्या घरी विषयच नको" म्हणून पहिलंही राहून जातं, नाही तर "माहीत असलेलं बरं" म्हणून सात वर्षांच्या पोराच्या हातात थेट काकाची पिस्तूल दिली जाते.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय बंदुकीचा परवाना मिळत नाही. परवाना लागणाऱ्या बंदुकीवर नेमबाजीच्या सरावासाठी १२ वर्षांवरच्या मुलांना नियमांत वाट ठेवली आहे, तीही प्रशिक्षकाच्या किंवा परवानाधारकाच्या नजरेसमोर. नागपूर शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयात चालतं, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१६ च्या शस्त्र नियमांनंतर कमी ताकदीच्या, म्हणजे २० ज्यूलच्या आतल्या, छोट्या बोअरच्या (नळीच्या भोकाच्या) एअरगनला परवाना लागत नाही. तिथेच घोळ होतो. परवाना नाही म्हणजे खेळणं, असा लोकांचा समज. स्पर्धेच्या एअर रायफलचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगानं सुटतो, आणि डोळा जायला त्याच्या निम्मा वेगही पुष्कळ झाला. गच्चीवर कावळे-कबुतरांवर नेम धरणारी पोरं मला दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी दाखवतं. पक्ष्यांना मारणं वन्यजीव कायद्यात अडकवू शकतं हे आहेच, पण माझ्या मनात पहिला विचार येतो तो शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या आजीचा.

पहिली पायरी: घर बघा, पोर नंतर

मुलाची तयारी तपासण्याआधी आपली तपासा. नागपूर भागात बंदूक असलेली घरं साधारण तीन तऱ्हेची दिसतात. पोलीस किंवा एसआरपीतल्या बापाची सरकारी पिस्तूल, सैन्यातून निवृत्त होऊन बँकेच्या दारावर उभ्या राहणाऱ्या काकांची बारा बोअर, आणि काटोल-उमरेडकडच्या शेतकऱ्याची भरमार, रानडुकरं आणि रोही (नीलगाय) हाकलायला.

भरमारचं सगळ्यात कठीण. तिच्यात दारू, छर्रे नळीच्या तोंडातून ठासून भरलेले असतात, त्यामुळे ती रिकामी करणं हे कटकटीचं काम. लोक भरलेलीच खुंटीला टांगतात आणि म्हणतात, "टोपी काढून ठेवली जी, काही होत नाही." टोपी म्हणजे दारू पेटवायला ठिणगी पाडणारी छोटी कॅप. टोपी काढलेली बंदूक भरलेलीच असते. टोपीची डबी त्याच कोनाड्यात आगपेटीशेजारी असेल, तर ती पोराला सापडायला एक दुपार पुरते.

पिस्तूल असो की डबल बॅरल, नियम तोच: घरी आली की रिकामी करायची, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यानं बघायचं, बोटानं चाचपायचं, कुलपात ठेवायची. काडतुसं दुसऱ्या कुलपात. चावी आपल्या अंगावर. देव्हाऱ्यामागे, डाळीच्या डब्यात, कपाटावरच्या सुटकेसखाली ठेवलेली चावी घरातल्या मुलांना कधीच कळून चुकलेली असते. "वर ठेवलंय, त्याचा हात पोचत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. खुर्ची पोचते की. आणखी एक गोष्ट आयांना सांगितली की त्यांचा चेहरा उतरतो. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या एका बोटात ट्रिगर दाबायची ताकद नसते, म्हणून ते बंदूक उलटी धरतं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबतं. तेव्हा नळी त्याच्याच छातीकडे असते.

निवडणुकीच्या आचारसंहितेत बऱ्याच परवानाधारकांना हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. त्या महिन्या-दीड महिन्यात घरात काय बदललं ते बघा. कोणाला हायसं वाटलं असेल तर त्यावर बायकोशी बोला.

खंडेनवमीला शस्त्रपूजा होते, तेव्हाही रिकामी करूनच पाटावर मांडा. हळदीकुंकू लावून होईपर्यंत एक जाणता माणूस तिथून हलता कामा नये. आणि लग्नात हवेत बार काढणारा मामा असेल तर त्याला स्पष्ट सांगा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण पोरानं तो बार पाहिला की माझी सहा महिन्यांची मेहनत वाया जाते, माझा राग त्याचा जास्त.

दुसरी पायरी: "दिसली तर काय करशील?"

चौथ्या-पाचव्या वर्षापासून हे शिकवा. थांबायचं, हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला सांगायचं. तोंडपाठ करून घेऊन उपयोग नाही, पाठ केलेलं मूल बंदूक दिसल्यावर विसरतं. नाटक करून बघा. दिवाळीची टिकल्यांची पिस्तूल गादीखाली ठेवा, पोराला चादर काढायला पाठवा आणि दाराआडून बघा. पहिल्या वेळी उचलेलच. रागावू नका. बाहेर बोलवा, पुन्हा करा. पाचव्या-सहाव्या वेळी ते हात मागे घेऊन "बाबा!" म्हणून ओरडतं. महिन्यानं पुन्हा ठेवा, न सांगता.

आणि सगळं नीट झालं तरी कुलूप काढू नका. शिकवलेलं मूलही हात लावू शकतं, विशेषतः सोबतीला दुसरं पोरगं असेल तर.

याच वयात पुंगळ्यांचं सांगून ठेवा. कामठीच्या लष्करी छावणीकडे, पुलगावच्या दारूगोळा कोठाराकडे नातेवाईक असलेल्या मुलांच्या खिशात काडतुसाची रिकामी पुंगळी हमखास सापडते. रिकामी कोणती आणि जिवंत कोणती हे मुलाला ओळखता येत नाही, भंगारवाल्यालाही नेहमी येत नाही. धातूचं काही सापडलं तर उचलायचं नाही, जागा लक्षात ठेवायची, येऊन सांगायचं.

टिकल्यांच्या पिस्तुलावरून घरोघरी वाद असतात. मी बंदी घालत नाही. आमच्या घरी नातवाला एकच नियम: माणसावर, कुत्र्यावर धरायची नाही. धरली की त्या दिवसापुरती जप्त. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीच जप्त झाली आणि घरात रात्री नऊपर्यंत रडारड चालली. आजी माझ्याशी बोलत नव्हती.

तिसरी पायरी: महिनाभर नुसतं बघा

हाताळायचं शिक्षण द्यायचं का, हे बंदुकीजवळ ठरत नाही. ते स्वयंपाकघरात, मैदानावर, रस्त्यावर दिसतं. वही घ्या आणि एक महिना नोंद ठेवा. मी पालकांकडून ही वही मागतोच. अर्धे पालक आणत नाहीत आणि त्यातूनही मला बरंच कळतं.

काय बघायचं? सगळ्यात आधी थांबणं. क्रिकेटमध्ये शेवटचा बॉल बाकी आहे आणि तुम्ही "थांब" म्हणालात. हातातली बॅट त्या क्षणी खाली येते, की "एकच, एकच" म्हणत बॉल पडतो? रेंजवर "स्टॉप" म्हटल्यावर "एकच" चालत नाही.

मग खरं बोलणं. काच फुटली, दूध उतू गेलं, कुणाचा पेन हरवला, तेव्हा ते स्वतः येऊन सांगतं का? बंदुकीजवळची चूक लपवणारं मूल मला नको आहे. चुका करणारं चालेल, ते सगळेच करतात.

तिसरं, मित्रांसमोर नाही म्हणणं. नागपुरात याची परीक्षा दर संक्रांतीला आपोआप होते. नायलॉन मांजावर २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाची बंदी आहे, तरी गल्लीत कोणाकडे तरी चकरी असतेच. सगळी पोरं त्याच मांजानं काटाकाटी करताहेत आणि तुमचं पोर साधा मांजा घेऊन उभं आहे, पतंग पहिल्याच पेचात गेली, तरी ते चकरी मागायला गेलं नाही. असं पोर माझ्याकडे लवकर पाठवा. वय विचारणार नाही, असं म्हणालो असतो, पण नियम आहेत.

चौथं, कंटाळा. दहा मीटरच्या रेंजवर तासाभरात गोळ्या कमी आणि उभं राहणं जास्त. श्वास, खांदा, पायाचा कोन. दहा मिनिटं गव्हातले खडे निवडायला बसवा. चिडलं, उठून गेलं, तर वर्षभर थांबा.

आणि राग. हरल्यावर बॅट आपटणारा, रिमोट फेकणारा मुलगा रेंजवर आणायचा नाही. रागावर काम करायचं असेल तर कुस्ती आहे, पोहणं आहे.

गव्हाचे खडे सांगितल्यावर एक पालक मला म्हणाले, "सर, पोट्ट्याचा नेम जबरदस्त हाय जी, हे कायले?" त्यावर माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी अकरा वर्षांचा एक मुलगा आला होता. टेबलाच्या आधारानं चौथ्याच दिवशी नऊ आणि दहा मारायला लागला. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो, तेव्हा माझा आनंद समजून घ्या. मी भुललो. निरीक्षणाचा महिना सोडून दिला. दुसऱ्या आठवड्यात त्याला सलग तीन दहा पडले, आणि जत्रेतल्या पोरासारखा तो रायफल घेऊन माझ्याकडे वळला. छर्रा भरलेला होता. नळी माझ्या गळ्याच्या उंचीवर होती आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता, की मला ओरडताही आलं नाही. हातानं नळी खाली दाबली. त्या ठेलेवाल्यासारखीच.

त्याला सहा महिने घरी बसवलं. वडील फार बोलले. मुलगा परत आला तेव्हा पहिला महिना त्यानं फक्त पुठ्ठ्याची टार्गेटं बदलली.

चौथी पायरी: "कशाला शिकायचंय?"

हे मुलालाच विचारा, पालक बाजूला बसवून. मोबाइल गेममधून आलेली मुलं बंदुकांची नावं आमच्याहून जास्त सांगतात. त्याला माझी हरकत नाही. मी एवढंच विचारतो: गोळी टार्गेटला लागली नाही तर कुठे जाते? गेममध्ये ती नाहीशी होते. "मागच्या भिंतीला लागेल, मग भिंत कसली आहे ते बघावं लागेल," असं एका आठवीतल्या मुलीनं सांगितलं होतं. तिला लगेच घेतलं. "कोणाला तरी दाखवून द्यायचंय" असं उत्तर आलं तर मी पुढे विचारतो, कोणाला, आणि मग ती चर्चा नेमबाजीची राहत नाही.

इथेच एक गोष्ट बोलायला लाजू नका. मूल गेले काही आठवडे गप्प आहे, झोपत नाही, जेवत नाही, मरणाचं बोलतं, दहावी-बारावीच्या निकालानं खचलंय, तर रेंज बंद. आणि घरात शस्त्र असेल तर ते घराबाहेर गेलं पाहिजे, कुलूप पुरेसं नाही. कुठे आणि कसं ठेवायचं ते ठाण्यात विचारून घ्या. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पाचवी पायरी: रेंज निवडणं आणि पहिला महिना

पहिल्या भेटीत मुलाच्या हातात काही देऊ नका. दोघांनी मागे खुर्चीवर बसायचं आणि प्रशिक्षक काय करतो ते बघायचं. रायफल वापरात नसताना नळीत भगव्या-लाल रंगाची दोरी, म्हणजे सेफ्टी फ्लॅग आहे का? टार्गेट बदलायला कोणी पुढे जाण्याआधी सगळ्यांची हत्यारं टेबलावर, नळी पुढे, हात मागे, असं होतं का? "लोड", "स्टार्ट", "स्टॉप", "अनलोड" हे एकाच माणसाच्या तोंडून येतं का? पण धोका दिसला तर रेंजवर कुणीही "स्टॉप" म्हणू शकतं का, अगदी दहा वर्षांचं मूलही? हे शेवटचं प्रशिक्षकालाच विचारा. कपाळाला आठ्या पडल्या तर दुसरी रेंज बघा.

पोस्टर, पदकं, भिंतीवरचे फोटो यांना फार महत्त्व देऊ नका. हात धुवायचा नळ आणि साबण कुठे आहे ते बघा. छर्रे शिशाचे असतात. सराव संपला की आमची पोरं कोपऱ्यावरच्या तर्री पोह्याकडे धावतात, आणि मी नळाजवळ उभा राहून एकेकाची बोटं तपासतो. फायरिंग लाइनवर डबा उघडायचा नाही.

पहिल्या आठवड्यात छर्रा नाही. चार गोष्टी अंगवळणी पाडायच्या. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, आत्ताच रिकामी करून दाखवली असली तरी. नळी कायम टार्गेटकडे. नेम धरून गोळी सोडायचं ठरेपर्यंत बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, सरळ. टार्गेट कोणतं आणि त्याच्यामागे काय, हे आधी बघायचं. तोंडानं म्हणून घेण्यापेक्षा मी दुसरं करतो. मधेच मुलाला हाक मारतो, "अरे, तुझी बाटली पडली बघ." नळी कुठे गेली ते माझ्या वहीत. तीन दिवस सलग नळी हलली नाही तर पहिला छर्रा.

रायफल जड असते. नियमात ५.५ किलोपर्यंत चालते आणि तीसेक किलोच्या पोराला ती उभ्यानं तोलायला लावणं म्हणजे पाठ मोडणं. टेबलाचा आधार द्या, पाच-सहा महिने. मोडायची एअरगन असेल तर नळी मोडून बंद करताना बोटं चेमटतात, ते काम सुरुवातीला प्रशिक्षकाचं.

उन्हाळी शिबिरात नाव टाकणाऱ्यांना एक विनंती. स्केटिंग सात ते आठ, पोहणं आठ ते नऊ, आणि मग नेमबाजी, असं करू नका. मे महिन्यात नागपुरात सकाळी साडेनऊलाच डोकं तापतं. थकलेलं मूल आधी नियम विसरतं, नेम नंतर जातो.

घरी सराव करायचा असेल तर पहिलं वर्ष नको. नंतरही नुसती पोझिशन आणि ड्राय फायर (छर्रा न भरता ट्रिगर दाबणं), तेही प्रशिक्षकानं सांगितलेल्या पद्धतीनं, छर्रे दुसऱ्या खोलीत बंद करून, समोर जाडजूड भिंत आणि खोलीत एक मोठं माणूस.

तयारी एकदा तपासून संपत नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी तेच शहाणं पोर वेगळं होतं, मित्र बदलतात, आवाज चढतो. दर सहा महिन्यांनी वही पुन्हा काढा.

वर सांगितलेली ती भिंतीवाली मुलगी आता अकरावीत आहे. मागच्या महिन्यात सकाळी आली, किट उघडली, रायफल बाहेर काढली नाही. म्हणाली, "सर, काल घरी भांडण झालंय. आज डोकं ठिकाणावर नाही माझं." मी म्हटलं, "मग घरी जा." ती म्हणाली, "नाही, मी टार्गेट लावते ना." आणि नऊ वाजेपर्यंत तिनं लहान पोरांची टार्गेटं लावली, काढली, त्यांचे दहा मोजले आणि शेवटी सगळ्यांना ओळीनं नळाकडे नेलं.